दोन्ही टाचा जमिनीवर

प्रिय बाबा,

पहिली अट. हे पत्र पहिल्या पानापासून वाचायचं. तुम्ही वर्तमानपत्र मागून वाचता आणि रहस्यकथेचं शेवटचं पान आधी बघून खुनी कोण ते आईला सांगून मोकळे होता, हे मला ठाऊक आहे. म्हणून या पत्राचं शेवटचं पान मी या पाकिटात घातलेलंच नाही. ते आईकडे दुसऱ्या पाकिटात आहे, नीट चिकटवून, आणि ही पानं तुम्ही संपवल्याशिवाय द्यायचं नाही असं तिला बजावलंय. तिच्याशी गोड बोलून उपयोग नाही. एकतीस वर्षं तुमचं गोड बोलणं ऐकून तिचे कान किटलेत.

तब्येत उत्तम आहे. भूक चौपट झालीय, तळहातांना घट्टे पडलेत आणि माझ्या कपड्यांना जो वास येतो तो कुठल्याच साबणाला दाद देत नाही. आमची खोली दाण्याच्या कोठाराच्या वर आहे. तीन खाटा, एक आरसा आणि एक खिडकी, जिच्यातून थेट लिदेचा ढीग दिसतो. सकाळी त्यातून वाफा निघतात तेव्हा आम्ही तिघी त्याला डोंगराचा देखावा म्हणतो. मग खाली उतरायचं, घोड्यांचे खूर एकेक उचलून त्यातली माती आणि खडे काढायचे, खरारा करायचा, पाणी भरायचं. आठ वाजेपर्यंत माझं जेवढं काम होतं तेवढं घरी आठवड्याचं होत नसे, हे आईला वाचून दाखवू नका.

आई सांगत होती की तुम्ही चौकशीच्या खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगता, आमची मुलगी घोड्यांची डॉक्टर होतेय. बाबा, बसची वेळ विचारायला आलेल्या माणसाला ही माहिती कशाला? आणि सांगायचीच तर बरोबर सांगा. मी घोड्यांना बरं करत नाही. घोडे मुलांना मदत करतात आणि ती कशी करून घ्यायची ते मी शिकतेय. ज्या मुलाला चालता येत नाही त्याला घोड्यावर बसवलं आणि घोडा चालायला लागला, की त्याची कंबर अगदी चालणाऱ्या माणसासारखी हलते आणि पाठीचे स्नायू आपोआप कामाला लागतात. ज्या मुलाचं चित्त दोन मिनिटं ठिकाणावर राहत नाही ते पाचशे किलोच्या जिवाच्या पाठीवर वीस मिनिटं राहतं, कारण ठेवावंच लागतं. बेरीज-वजाबाकीसुद्धा चालते. रिंगणात आकड्यांचे ठोकळे मांडायचे आणि उत्तर असेल तिकडे घोडा न्यायचा. वर्गात गणिताला रडणारी मुलं इथं उत्तर चुकलं तर घोड्याची माफी मागतात.

उमेदवारी सहा महिन्यांची आहे, हे तुम्हाला माहीत आहे. अर्ज तुम्हीच भरला होतात, तुमच्या त्या सुवाच्य अक्षरात, आणि आवडीच्या रकान्यात 'वाचन' लिहिलं होतंत. मी ते खोडून 'घोडे' लिहिलं, तोवर एकाही घोड्याला हात लावलेला नसताना. आता पाच महिने झाले. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी परीक्षा आहे आणि जी पहिली येईल तिला इथंच सहायक शिक्षिकेची जागा मिळणार आहे. जागा एक आहे आणि त्या खोलीत आम्ही तिघी आहोत. मला ती जागा हवी आहे, बाबा. आजवर मी कुठली गोष्ट इतकी हवी आहे असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

परीक्षेचे दोन भाग आहेत. पहिल्यात एका मुलाचा तास घ्यायचा, रिंगणाच्या मधोमध उभं राहून, सगळ्या सूचना मोठ्यानं तोंडानं देऊन. दुसरा भाग कसला, ते आईकडच्या पाकिटात आहे. 'तोंडानं' हे वाचून तुम्ही आईला हाक मारली असेल. मी तोतरी आहे, हे आपल्या घरात कुणी या शब्दात म्हणत नाही. आपण 'तिला जरा वेळ लागतो' म्हणतो. तुम्ही तर मला लहानपणापासून इंजिनच म्हणत आलात, तापायला वेळ लागतो पण एकदा निघालं की थांबत नाही म्हणून. मला ते नाव आवडतं, ते बदलू नका. पण मी तोतरी आहे, आणि इथं तो शब्द सगळ्यांनी उच्चारलाय आणि आभाळ काही कोसळलेलं नाही.

इथल्या माणसांची ओळख करून देते. बाई म्हणजे इथल्या प्रमुख. साठीच्या आहेत, पूर्वी दवाखान्यात फिजिओथेरपी करायच्या. त्यांचा डावा गुडघा घोड्यानंच मोडला, पण राग घोड्यावर नाही, हाड बसवणाऱ्या डॉक्टरवर आहे. गळ्यात कायम शिट्टी असते आणि ती वाजलेली मी ऐकलेली नाही, कारण बाईंच्या नुसत्या बघण्यानं काम भागतं. तबेला सांभाळतात मामा. चाळीस वर्षं घोड्यांत काढल्यामुळे त्यांचं बोलणंही घोड्यांच्या बेतानं. दिवसाला चार-पाच वाक्यं, त्यातली दोन घोड्यांशी. तुमची आणि त्यांची गाठ पडली तर काय होईल, या विचारानं मला खरारा करता करता हसू येतं.

आणि काकू. काकू ही घोडी आहे. कागदावर तिचं नाव काहीतरी लांबलचक आहे, पण पोट सुटलेलं, दर दहा पावलांनी हुश्श करणार आणि सगळ्या जगाकडे 'हे काय चालवलंय' अशा नजरेनं बघणार, म्हणून काकू. तिच्यासारखी शिक्षिका नाही. दोरी धरून पुढे उभा असेल त्याच्या पायाकडे, खांद्याकडे, श्वासाकडे तिचं इतकं लक्ष असतं की माणसाच्या मनात काय आलं ते त्याच्याआधी तिला कळतं. नवं माणूस शिकवायला घेतलं की बाई मुद्दाम काकू देतात. माझी फजितीही काकूनंच केली, ती पुढे सांगते.

इथं एक रीत आहे. रिंगणात पाऊल टाकताना प्रत्येकानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं आणि मग आपल्या घोड्याचं. मामांनाही सूट नाही, त्यांचं दिवसाचं एक वाक्य तिथंच खर्ची पडतं. जी मुलं बोलत नाहीत ती आपापल्या परीनं सांगतात, कुणी छातीवर हात ठेवून, कुणी गळ्यातलं कार्ड दाखवून. बाईंचं म्हणणं असं, की घोड्याच्या जवळ कोण येतंय ते आधी येणाऱ्याला स्वतःला ठाऊक पाहिजे. पहिल्या दिवशी माझी पाळी आली. मी तोंड उघडलं, आणि बाईंनीच घाईघाईनं सांगून टाकलं, ही आमची नवी मुलगी, चला पुढे. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग मला 'नवी' असंच नाव पडलं आणि मला वाटलं, किती समजूतदार माणसं आहेत. त्यांचा समजूतदारपणा कुठून आला होता ते मला फार उशिरा कळलं.

आता गमबूट. सात वर्षांची मुलगी, मंगळवारी आणि शुक्रवारी येते, ऊन असो, वारा असो, पिवळे गमबूट घालून. ऐकू येतं, कळतं सगळं, घरी खेळण्यांशी पुटपुटते म्हणे, पण माणसांसमोर तोंडातून शब्द नाही. तिची आई परिचारिका आहे. ती कामावरून थेट गणवेशातच येते आणि कुंपणाला टेकून लेकीच्या वतीनं बोलते. तिला तहान लागलीय. तिला टोपी घट्ट होतेय. तिला आज फार मजा येतेय. मला ही आई पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटत होती, आणि कुणासारखी ते लक्षात आलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले.

ते पिवळे बूट मला फार आवडले. तुम्हाला आठवतं का, मी साधारण तेवढीच असताना बुटांच्या दुकानात गेलो होतो. दुकानदारानं मला विचारलं, काय दाखवू, आणि मी 'मला ते' म्हणून बोट उचलेपर्यंत तुम्ही म्हणालात, काळे दाखवा, मजबूत. माझं बोट पिवळ्यांकडे निघालं होतं. काळे वाईट नव्हते हो. चांगली दोन वर्षं टिकले, आणि तीच तर अडचण होती.

गमबूटनं एकच गोष्ट करायची होती. काकूच्या पाठीवर बसून तिला 'चल' म्हणायचं. नाहीच जमलं तर आयाळीवर दोनदा थोपटायचं, पण जे काही येईल ते तिच्याकडून यायला हवं, आणि तोवर काकू हलणार नाही. दोरी माझ्या हातात होती. दोन्ही बाजूंना मुलीला धरून माझ्या दोघी मैत्रिणी, आणि मध्ये बाई. पहिले दोन आठवडे काही झालं नाही. आम्ही उभ्या, काकू उभी, आणि शेवटी बाई म्हणायच्या, राहू दे, आज मी सांगते. तिसऱ्या आठवड्यात गमबूटचा ओठ हलायला लागला. दोरी धरणाऱ्यानं समोर बघायचं, मुलीकडे नाही, असा नियम आहे, पण मी चोरून बघायची. वरचा ओठ किंचित उचलला जायचा आणि परत मिटायचा. तो ओठ मला माहीत आहे, बाबा. त्याच्यामागे काय चाललेलं असतं ते तिथल्या सगळ्या पदवीवाल्यांपेक्षा मला जास्त कळतं. शब्द असतो. अख्खा, तयार, दाराशी येऊन उभा. मला तर तो ऐकूच येत होता. आणि एका मंगळवारी तिनं श्वास घेतला, ओठ उचलला, आणि काकू निघाली.

काय आनंद झाला म्हणून सांगू. रिंगणात ओरडायचं नसतं, त्यामुळे आम्ही तिघींनी गप्प बसून दात काढले. तिच्या आईनं गणवेशाच्या बाहीनं डोळे पुसले. मी वहीत लिहिलं : मुलीनं श्वास घेतला, पुढे झुकली, घोडी निघाली. पुढच्या खेपेला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही. चार आठवडे, आठ तास, आठही दिवशी वहीत तेच वाक्य, माझ्या अक्षरात. मी तुम्हाला फोनही केला होता. मी म्हटलं, बाबा, एक मुलगी, आणि तुम्ही म्हणालात, बोलायला लागली ना, वा, वा, आणि फोन आईला दिलात.

मग एके दिवशी दारात माझं बोट चेंगरलं, म्हणून शुक्रवारी दोरी मामांनी धरली. गमबूट चढली. बाई म्हणाल्या, तुझ्या वेळेनं सांग. काकू उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, काकू जागची हलेना. गमबूट इकडेतिकडे बघत राहिली, फलाटाला लागलेली गाडी सुटत का नाही म्हणून आपले प्रवासी बघतात तशी. तिचा ओठ एकदाही हलला नाही.

माझं बोट बरं झाल्यावर बाईंनी माझा एक तास मोबाइलवर टिपला आणि मला तबेल्यात एका पालथ्या बादलीवर बसवून दाखवला. म्हणाल्या, मुलीकडे बघू नकोस, स्वतःची डावी टाच बघ. मुलीनं श्वास घेण्याच्या आधी, चांगलं डोळ्यांना दिसेल इतकं आधी, माझी टाच उचलली जात होती. खालून मुंगी जाईल इतकीच. काकूला तेवढं पुरे होतं. आठ तास काकू मुलीचं ऐकतच नव्हती, माझ्या टाचेचं ऐकत होती. मग बाईंनी तिसऱ्या आठवड्यातलं जुनं चित्रण लावलं. त्यात गमबूटचा ओठ हलत होता, पुन्हा पुन्हा, केवढा जोर लावून. नव्यात नव्हता. कशाला हलेल? काही न म्हणता काकू निघत होती. मी इतक्या मायेनं मदत केली की त्या पोरीनं प्रयत्नच सोडून दिला.

मी रडले, हे लिहायला नको. मग मी बाईंना विचारलं की मला काढून टाकणार का. त्यांनी मला ते वाक्य पुरं करू दिलं आणि त्याला बराच वेळ लागला. मग त्या म्हणाल्या की चूक तुझी एकटीची नाही, मीही केलीय. आणि सांगितलं की मी इथं यायच्या आदल्या आठवड्यात तुम्ही त्यांना फोन केला होतात.

थांबा, पत्र खाली ठेवू नका. मी चिडलेली नाही. चिडले होते, दोन दिवस. त्या दोन दिवसांत काकूला इतका खरारा केला की तिच्यात तोंड बघावं. तुम्ही बाईंना म्हणालात, मुलगी गुणाची आहे, कामाला वाघ आहे, फक्त तिला चारचौघांत बोलायला लावू नका, तिचं नावसुद्धा तुम्हीच सांगा, तिची फार ओढाताण होते. तुम्ही इतक्या काकुळतीला आला होतात की त्यांना नाही म्हणवेना. मला ते ऐकून आधी राग आला आणि मग तुम्ही तो फोन कुठून केला असेल ते दिसलं. खिडकीची झडप पाडून, रांग बाहेर खोळंबलेली, आणि तुम्ही रिसीव्हरला हाताचा आडोसा करून बोलताय. रांग कधीही खोळंबू न देणारे तुम्ही. माणसानं 'तीनची' म्हणताच 'फलाट चार, वीस मिनिटं उशीर' सांगणारे तुम्ही.

बाई बादलीशेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "इतके दिवस मीही तुझी टाच उचलत होते."

वहीतली आठ पानं खोडायची नाहीत असं ठरलं. प्रत्येकाखाली मी लिहिलं : दोरी धरणारीनं आधी पाय उचलला. गमबूटच्या आईलाही मीच सांगायचं होतं. सांगायला मला दहा-अकरा मिनिटं लागली. मध्ये तीनदा तिनं माझं वाक्य पुरं केलं आणि तिन्ही वेळा भलतंच. तिला आधी वाटलं मी नोकरी सोडतेय, मग वाटलं घोडी आजारी आहे. शेवटी खरं कळलं तेव्हा ती म्हणाली की मी काय करू ते सांगा.

मग माझी शाळा सुरू झाली, उभं राहायची. रोज दुपारी मामांसमोर वीस मिनिटं काकूची दोरी धरून उभं राहायचं आणि काकूनं हलायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. दोन्ही टाचा जमिनीवर, गुडघे सैल, नजर कुंपणाच्या तिसऱ्या फळीवर, श्वास सोडायचा आणि पुढचा घ्यायची घाई करायची नाही. मनात 'आता निघावं' आलं रे आलं की काकू निघालीच. पहिल्या दिवशी ती अठरा वेळा निघाली आणि अठराही वेळा मामांनी तिला वळवून जागेवर आणली. उभं राहिलं की नाकाला खाज सुटते. माशी नेमकी भुवईवर येऊन बसते. धुतलेले कपडे आत घ्यायचे राहिलेत हे तेव्हाच आठवतं. चौथ्या दिवशी मामांनी एक अख्खं वाक्य माझ्यावर खर्च केलं. म्हणाले, तू उभी नाहीयेस, तू घाईत थांबली आहेस. दहाव्या दिवशी काकू वीस मिनिटं हलली नाही आणि मामांनी तिला गाजर दिलं. मला नाही दिलं.

त्याच दिवसांत रिंगणाच्या फाटकात माझं नाव मी सांगायला लागले. पहिल्या खेपेला ऐकायला मामा आणि काकू दोघंच होती. किती वेळ लागला ते मी मोजलं नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मग स्वतःचं सांगितलं. आता आठवड्याला दोन तास मी बोलून घेते. अडकते, सुटते, पुन्हा अडकते. मुलांना त्याचं काही वाटत नाही. एकानं एवढंच विचारलं की तुझा शब्द कुठे अडकतो, घशात की दातात.

गेल्या मंगळवारी बाईंनी गमबूटच्या तासाला दोरी पुन्हा माझ्या हातात दिली. तिची आई कुंपणाशी, स्वतःच्याच तोंडावर हात दाबून, कारण तिला तसं सांगितलं होतं. काकू उभी, मी उभी, नजर तिसऱ्या फळीवर. मागे काय चाललंय ते मला दिसत नव्हतं आणि या वेळी मी बघणार नव्हते. एक मिनिट झालं. दोन झाली. आता बाई म्हणणार, राहू दे. त्या म्हणाल्या नाहीत. आणि बाबा, मी इतकी छान उभी होते, इतकी छान, की काकूचा खालचा ओठ लोंबायला लागला, मागचा एक पाय सैल पडला आणि ती चक्क डुलकी काढायला लागली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. हिला जागं करावं तर माझी टाच आली, न करावं तर तास गेला. तेवढ्यात मागून, वरच्या अंगानं, एक खरखरीत आवाज आला.

"ऊठ."

'चल' नाही. 'ऊठ'. आम्ही सगळ्या इतके आठवडे 'चल'कडे कान लावून होतो. तोच शब्द माझ्या ओठांवर होता, तोच तिच्या आईच्या हाताखाली दाबलेला होता. तो आमच्यापैकी कुणी तिच्या तोंडी घातला असता तर आम्ही टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. पण घोडी झोपलीय हे पाठीवर बसलेल्या पोरीला कळलं होतं आणि तिला जे म्हणायचं होतं ते वेगळंच होतं. काकूनं एक डोळा उघडला, कान मागे वळवला, हुश्श केलं आणि निघाली. बाई पाठ फिरवून शिट्टीशी चाळा करत होत्या. मला दोरी सोडता येत नव्हती आणि मागे बघता येत नव्हतं, त्यामुळे सगळं रडं शर्टाच्या खांद्याला पुसलं. त्या तासात गमबूट अजून दोनदा 'ऊठ' म्हणाली, काकू टक्क जागी असताना.

त्या दिवसापासून मला सारखं चौथीतलं बक्षीस आठवतंय, चित्रकलेचं. मंचावर जाऊन माइकमध्ये आपलं नाव सांगायचं आणि बक्षीस घ्यायचं होतं. मी उभी राहिले आणि पहिलं अक्षर अडकलं. पुढच्या रांगेत दोन मुलं हसायला लागली. आणि पाचव्या रांगेतून तुम्ही उठलात, आणि ज्या आवाजानं सबंध बसस्थानक हलतं त्या आवाजात माझं नाव, आडनावासकट, सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचवलंत. टाळ्या पडल्या. त्यानंतर कुणाची हसायची छाती झाली नाही. घरी येताना तुम्ही मला खांद्यावर घेतलं होतंत, एवढ्या मोठ्या घोडीला. माझ्यासाठी पाचव्या रांगेतून उठणारा बाप आहे, याचा मला तेव्हाही अभिमान वाटला आणि आजही वाटतो. पण एक गोष्ट मी तुम्हाला सोळा वर्षं सांगितलेली नाही. नाव येत होतं, बाबा. पहिलं अक्षर सुटलं होतं. तुम्ही उठलात तेव्हा मी दुसऱ्या अक्षरावर होते.

इथपर्यंत वाचलंत ना, काही न गाळता? मग आता आईकडून ते दुसरं पाकीट घ्या.

*

हे शेवटचं पान. हे फोनवर सांगितलं असतं तर पहिल्याच शब्दाला तुम्ही 'बरं, बरं, कळलं' म्हणाला असतात आणि काहीतरी तिसरंच कळलं असतं, म्हणून एवढं लिहिलं. परीक्षेचा दुसरा भाग असा आहे. प्रत्येकीनं एक नवखं माणूस आणायचं, जन्मात घोड्याला हात न लावलेलं, आणि परीक्षकांसमोर त्याला दोरी धरून उभं राहायला शिकवायचं, कारण पुढे रोज नवख्यांना हेच शिकवायचंय. माझ्या मैत्रिणींपैकी एक भावाला आणतेय आणि एक काकाला. माझ्या कागदावर मी तुमचं नाव लिहिलंय. आईकडून कळलं की त्या शनिवारची रजा तुम्ही आधीच टाकलीय आणि परीक्षकांशी 'जरा बोलून घेणार' आहात. रजा राहू द्या, बोलणं राहू द्या. येताना जुने बूट घाला, काळे, मजबूत. मामा तुम्हाला काकूशेजारी उभं करतील आणि दोरी हातात देतील. मग मी फाटकातून आत येईन आणि रीतीप्रमाणे आधी माझं नाव सांगेन. पहिल्या अक्षरावर मी अडकणार, हे नक्की. किती वेळ, ते मलाही माहीत नाही. समोर माणसं बसलेली असतील, कदाचित कुणी हसेलही, आणि तुमचा आवाज घशापर्यंत येईल. तेव्हा दोन्ही टाचा जमिनीवर ठेवा, बाबा. गुडघे सैल. नजर कुंपणाच्या तिसऱ्या फळीवर. श्वास सोडा आणि पुढच्याची घाई करू नका. काकूला झोप लागली तर लागू द्या.

तुमचंच,
इंजिन